मार्लवाईचे मास्तर आणि त्यांची पाठराखण

निजामी अमलातले कितीतरी शब्द आपल्या बाजारहत्नूर-बोथ भागातल्या मराठीत मुरून गेले आहेत. पटवारी, गिरदावर, पेशी यांच्याच पंक्तीतला एक शब्द म्हणजे मुआयना. साहेब मुआयन्याला येणार म्हणजे काय, हे जुन्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. दप्तर झाडून ठेवायचे, चावडीपुढचे अंगण सारवून घ्यायचे, साहेबाच्या व घोड्याच्या दाणापाण्याची तजवीज करायची आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'सब ठीक है' असे उत्तर द्यायचे. साहेब वहीत सही करून निघून गेले की गाव पुन्हा आपल्या वाटेने चालू लागे. शुद्ध मराठीत याला तपासणी म्हणता येईल. देखरेख हा शब्द त्याहून थोडा वेगळा आहे, कारण त्यात पाहण्याबरोबर राखणेही आले. पाठराखण हा शब्द तर आणखी वेगळा. ज्याच्यावर आपली नजर आहे त्याच्या पाठीशी उभे राहणे हा त्याचा अर्थ. समाजकार्याच्या शास्त्रात ज्याला सुपरव्हिजन म्हणतात, त्या एका परक्या शब्दात हे तिन्ही अर्थ कोंबलेले आहेत. त्यामुळे प्रत्यक्षात कोणता अर्थ कोणाच्या वाट्याला येतो हे बहुधा नशिबावर राहते.

लोकांमध्ये जाऊन काम करणाऱ्या माणसावर चांगली देखरेख कशी करावी, हा प्रश्न शहरांतल्या समाजकार्य महाविद्यालयांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या घरांतल्या मुली-सुना अंगणवाडीत काम करतात, मुले आश्रमशाळांत शिकवतात, कोणी आरोग्य उपकेंद्रात आहेत. या सर्वांवर कोणीतरी नेमलेला असतो. या प्रश्नाचे एक महत्त्वाचे प्रकरण ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात, उटनूरच्या डोंगरात घडले, आणि त्यात एका मराठी इतिहासकाराचा मोठा वाटा होता. आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या हयातीतली ही गोष्ट. तिच्याकडे एकदा नीट पाहावे, असे आम्हांस वाटते.

पार्श्वभूमी बहुतेकांच्या परिचयाची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, राखीव जंगले जाहीर झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर शेती करणारे गोंड व कोलाम आपल्याच गावांत अतिक्रमणदार ठरले. त्याच सुमारास मैदानावरच्या काळ्या जमिनींचे पट्टे बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या नावे होत होते. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, तेलंगणाच्या सपाटीवरून माणसे येत होती. कापसाला भाव होता, सरकारला महसूल हवा होता, आणि कागदावर नाव कसे चढवायचे हे नव्याने येणाऱ्यांना ठाऊक होते. गोंडांना ते ठाऊक नव्हते. या दाटत गेलेल्या असंतोषाचा स्फोट १९४० मध्ये जोडेघाट येथे झाला. कोमराम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. असे का घडले हे समजून घेण्याची गरज निजाम सरकारला त्यानंतर भासली.

ती समजून घेण्यासाठी जो माणूस आला तो स्वतःच त्या वेळी सरकारच्या नजरेखाली होता, ही इतिहासाची एक गंमत. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे १९०९ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यामुळे त्यांच्या हाती जर्मन पारपत्र होते, आणि १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते हिंदुस्थानात होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याचे बंधन घालण्यात आले. या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी प्रथम चेंचूंचा, मग गोदावरीकाठच्या रेड्डींचा आणि पुढे आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास केला. पत्नी बेट्टी यांच्यासह त्यांनी मार्लवाई या लहानशा गोंड गावात झोपडी बांधून बिऱ्हाड केले. संस्थानचे महसूलमंत्री विल्फ्रेड ग्रिगसन हे स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेले अधिकारी होते. त्यामुळे हायमेनडॉर्फ यांचे अहवाल दप्तरात धूळ खात पडले नाहीत. पुढे त्यांना आदिवासी व मागासवर्गीयांसंबंधीचे सल्लागार म्हणून नेमण्यात आले.

१९४३ मध्ये मार्लवाईस गोंड शिक्षण योजनेचे केंद्र सुरू झाले. योजनेची मूळ कल्पना साधी होती. गोंड मुलांना गोंडीतून, गोंड मास्तरांनीच शिकवावे. पण मास्तर आणायचे कोठून? लिहिता-वाचता येणारे गोंड तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ज्यांना थोडीफार अक्षरओळख होती ती मराठीची. या तरुणांना मार्लवाईस बोलावून आधी त्यांनाच शिकवावे लागले. गोंडीची अंकलिपी आणि वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. देवनागरीची निवड आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. उटनूर-बोथकडचे गोंड बाजारात, जत्रेत, सावकाराच्या ओट्यावर जी दुसरी भाषा बोलत ती मराठी होती. गोंडी अक्षरे ओळखू लागलेल्या मुलाला मराठी कागदही वाचता यावा, ही सोय त्या लिपीत आपोआप झाली. कागद म्हणजे गोष्टीचे पुस्तकच असेल असे नाही, कर्जरोखाही असू शकतो.

येथे त्या मास्तराची अवस्था डोळ्यांपुढे आणावयास हवी, कारण देखरेखीचा सगळा प्रश्न तेथूनच सुरू होतो. वीस-बावीस वर्षांचा तरुण, शिक्षण दीड-दोन वर्षांचे, पगार सरकारी. तो एखाद्या डोंगराळ गावात पाठवला जातो. त्या गावात लिहिता येणारा तो एकटाच. गावकऱ्यांना तो आपलाही वाटतो आणि सरकारचाही वाटतो. जंगलाचा शिपाई लाकडाच्या मोळीसाठी पैसे मागतो, पटवारी पट्ट्यात खाडाखोड करतो, सावकार दहाचे वीस लिहितो. या सर्वांना आजवर कोणी वाचून पाहणारा नव्हता, आता आहे. तेव्हा हा मास्तर एक तर विकत घेतला पाहिजे, नाही तर घाबरवला पाहिजे, किंवा खोट्या तक्रारीत अडकवून हाकलला तरी पाहिजे. शिवाय त्याच्या स्वतःच्या मनात मोह असतोच. लिहिता येणाऱ्याला न येणाऱ्याकडून चार पैसे काढणे किती सोपे असते! शिकलेला माणूस आपल्याच भाऊबंदांचा दलाल झाल्याची उदाहरणे कोणत्या समाजात नाहीत?

अशा माणसाला मुआयन्याचा साहेब काय कामाचा? वर्षातून एकदा येऊन पटावरची मुले मोजणाऱ्याला यांतले काहीच दिसणार नाही. त्याला गरज होती ती पाठीशी उभे राहून चुकेल तेथे कान धरणाऱ्याची. मार्लवाईची योजना जेवढी यशस्वी झाली तेवढी अशी माणसे काही काळ मिळाली म्हणून झाली, असे आमचे मत आहे.

त्यांत प्रमुख नाव सेतुमाधवराव पगडी यांचे. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे आणि मोगल-मराठा संघर्षाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. फारसी साधने मराठीत आणून त्यांनी इतिहासलेखनाचा पायाच रुंद केला. १९१० मध्ये निलंग्यास जन्मलेल्या पगडींनी निजाम सरकारच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादेत विशेष समाजसेवा अधिकारी म्हणून काम केले, ही गोष्ट मात्र आपल्याच भागात फारशी बोलली जात नाही. त्यांनी तेथे काय केले? आधी भाषा शिकली. कामापुरती दुभाषाकडून घेतलेली नव्हे, तर व्याकरण लिहिता येईल इतकी. गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. कोलामीसारख्या अगदी थोड्यांच्या भाषेचे त्यांनी केलेले काम पुढे द्राविडी भाषांच्या जागतिक अभ्यासकांनाही उपयोगी पडले. 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे त्यांचे पुस्तकही याच अनुभवातून आले.

महसूल खात्याचा अधिकारी व्याकरण लिहीत बसतो, ही विद्वानाची हौस म्हणून सोडून देता येईल. आम्हांला तसे वाटत नाही. देखरेख करणाऱ्याला कार्यकर्त्याची आणि त्याच्या लोकांची भाषा येत नसेल, तर त्याला जे ऐकू येते ते दुभाषाने गाळून दिलेले असते. आदिलाबादेत दुभाषा कोण होता? बहुधा पटवारी, पटेल किंवा गावातला एखादा सावकार. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच तोंडून ती साहेबांच्या कानी जाणार! गोंडी बोलणारा अधिकारी आला त्या दिवशी ही साखळी तुटली. शाळेत मुले काय म्हणतात हे त्याला समजत होते, मास्तर मुलांना काय सांगतो हे समजत होते, आणि पाराखाली म्हातारी मंडळी त्या मास्तराविषयी काय कुजबुजतात हेही समजत होते. पुष्कळ लेखी अहवालांनी जे साधत नाही ते या एका गोष्टीने साधले.

दुसरी गोष्ट अधिकाराची. समाजसेवा हा शब्द आता मवाळ झाला आहे. त्या वेळच्या विशेष अधिकाऱ्यांच्या हाती महसुली सत्ताही होती. १९४६ मध्ये, म्हणजे फसली १३५६ साली, आदिवासी क्षेत्रांचा नियम संस्थानात आला. अधिसूचित गावांतील जमिनीचे व तंट्यांचे प्रश्न नेहमीच्या दिवाणी चाकोरीबाहेर सोडवण्याची वाट त्याने मोकळी केली. १९४९ पर्यंत जिल्ह्यातील आदिवासींच्या नावे लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे झाले. मास्तराने कळवलेल्या गोष्टीवर काही घडू शकते, हे गावाने पाहिले. ज्या पर्यवेक्षकाच्या हाती काहीच नसते, त्याच्याकडे कार्यकर्ता आपली अडचण दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा सांगत नाही. मग दोघेही रजिस्टरांविषयी बोलू लागतात, कारण तेवढेच त्यांच्या हाती उरलेले असते.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. १९४४-४५ या काळात हायमेनडॉर्फ आदिलाबादेत नव्हते. सरकारने त्यांना तिबेटच्या सीमेवरील सुबनसिरी खोऱ्यात पाठवले होते. त्यांच्या माघारी केंद्र बंद पडले नाही. एका थोर माणसाच्या वलयावर चालणारी कामे तो दूर गेला की कोसळतात, हा आपला नेहमीचा अनुभव. मार्लवाईस तसे झाले नाही याचा अर्थ, देखरेख एका व्यक्तीच्या डोळ्यांवर अवलंबून न राहता तिची काही रीत बसली होती.

आणि मग केसलापूरचा दरबार. पौष अमावास्येला भरणाऱ्या मेश्राम कुळाच्या नागोबाच्या जत्रेला आपल्यापैकी बहुतेक जण गेलेले आहेत. तेथे अधिकाऱ्यांनी लोकांपुढे बसून त्यांच्या तक्रारी ऐकण्याची प्रथा १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने सुरू झाली. आज त्या दरबाराला मंडप, ध्वनिक्षेपक आणि मंत्र्यांची भाषणे यांनी बरेच सजवले आहे. परंतु मुळात ती उलट्या दिशेची तपासणी होती. वरचा खालच्याला विचारतो, हे रोजचेच. वर्षातून एक दिवस ज्यांच्यासाठी काम चालले आहे ते लोक काम करणाऱ्याला आणि त्याच्या साहेबालाही सर्वांसमक्ष विचारतात, आणि तेही देवाच्या दारी, जेथे खोटे बोलणे गोंडाला जड जाते. समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांत देखरेखीचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. पण सेवा घेणाऱ्यांनी सेवा देणाऱ्याच्या साहेबाची झडती घ्यावी, हा प्रकार तेथे क्वचितच आढळतो.

हे सारे लिहिताना त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. ज्या राजवटीने जोडेघाटला गोळ्या घातल्या तिच्याच पैशावर मार्लवाईचे केंद्र चालले. पुन्हा जोडेघाट होऊ नये, हाही त्यामागचा हेतू होता. मास्तर सरकारचा पगारी नोकर होता, आणि सरकारविरुद्ध बोलणाऱ्या मास्तराची पाठ कोणी किती राखली असती हा प्रश्नच आहे. सल्लागार परदेशी, अधिकारी बाहेरचे, निर्णय हैदराबादेत. गोंडांचे भले कशात आहे हे ठरवण्याच्या खोलीत गोंड नव्हते. ज्येष्ठाच्या मायेत असा एक धाक नेहमी दडलेला असतो, आणि चांगल्या देखरेखीलाही तो पूर्णपणे चुकवता येत नाही.

आता आपल्या घराकडे वळावे लागेल. जुन्या मराठी कुटुंबांच्या वाचनात या इतिहासाची एक बाजू सहसा येत नाही. मार्लवाईचा मास्तर ज्या कागदांना वाचा फोडणार होता त्यांतले बरेच कागद मोडीत आणि मराठीत होते. आपले पूर्वज कष्टाने आले, माळ फोडून त्यांनी काळी जमीन उभी केली, प्लेग आणि हिवतापात माणसे गमावली, हे खरे. त्यांच्यापैकी कित्येकांनी गोंड कुटुंबांशी दोन-दोन पिढ्या भावासारखे संबंध राखले, हेही खरे. त्याच वेळी सावकारी, पटवारकी आणि पट्टे मिळवण्याचे कसब यांत मराठी घरांचा हिस्सा होता, हेही खरे आहे. १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा नियम १९६३ मध्ये तेलंगणास लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर आदिवासीकडे जाण्याची वाट बंद केली. त्या कायद्याचे नाव आपल्या ओसरीवर आजही जरा त्रासिक स्वरात घेतले जाते. हे लक्षात घेतले म्हणजे सेतुमाधवरावांच्या कामाची अडचण कळते. ते ज्यांच्या भाषेत इतिहास लिहिणार होते, त्यांच्यापैकीच अनेकांच्या हितसंबंधांविरुद्ध त्यांना निकाल द्यावे लागत होते. देखरेख करणारा कोणत्या घरचा आहे याला महत्त्व असतेच. पण तो कोणाच्या ओसरीवर उतरतो, कोणाकडे जेवतो, याला त्याहून अधिक महत्त्व असते. जुन्या मुआयन्यात साहेबाचा मुक्काम पटलाच्या वाड्यात असे. मार्लवाईत सल्लागाराचे बिऱ्हाडच गोंडाच्या गावात होते.

हायमेनडॉर्फ १९४९ नंतर लंडनला अध्यापनासाठी गेले. संस्थान भारतात विलीन झाले होते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. शाळांची भाषा बदलली, गोंडी पुस्तके मागे पडली, विशेष अधिकाऱ्यांची जागा बदल्यांच्या चक्रातून येणाऱ्या अधिकाऱ्यांनी घेतली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हायमेनडॉर्फ पुन्हा येथे आले तेव्हा त्यांना जे दिसले त्याचा वृत्तान्त त्यांच्या १९८२ च्या ग्रंथात आहे, आणि तो आनंददायक नाही. ज्यांना पट्टे मिळाले होते त्यांच्यापैकी पुष्कळांच्या जमिनी गेल्या होत्या. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीस पुन्हा गोळीबार झाला. दोन गोळीबारांमध्ये एकेचाळीस वर्षांचे अंतर. त्यातील जेमतेम आठ-नऊ वर्षे कोणीतरी मास्तराच्या आणि गावाच्या पाठीशी होते. योजनांचा खर्च नंतरच्या काळात पुष्कळ वाढला, खाती वाढली, उटनूरला स्वतंत्र विकास संस्था आली. तुटले ते सातत्य. भाषा येणारा माणूस त्याच जागी दहा वर्षे राहणे, एवढी साधी गोष्ट शासनाला पुन्हा जमली नाही.

जगात इतरत्र हा विचार कसा वाढला हे थोडक्यात सांगता येईल. १८६९ मध्ये लंडनला दानधर्माच्या व्यवस्थापनासाठी एक संस्था निघाली. गरिबांच्या घरी जाणाऱ्या हौशी स्वयंसेवकांना शिकवण्यासाठी व सांभाळण्यासाठी अशा संस्थांतून पगारी माणसे ठेवावी लागली. व्यावसायिक देखरेखीचे मूळ तेथे शोधले जाते. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी प्रशिक्षणाचा आग्रह धरला आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कला उन्हाळी वर्ग सुरू झाले. आपल्याकडे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९०५ मध्ये नव्या सभासदासाठी पाच वर्षांची उमेदवारी ठेवली होती. इतकी लांब उमेदवारी आज कोणास परवडेल? १९३६ मध्ये मुंबईला, नागपाड्यातील सेवाकार्याच्या अनुभवातून, सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, आणि वर्गातील शिक्षणाच्या जोडीला वस्तीत प्रत्यक्ष काम व त्यावर ज्येष्ठाचे मार्गदर्शन ही पद्धत या देशात रुजली. आल्फ्रेड कादुशिन यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात देखरेखीची तीन अंगे सांगितली: कारभार पाहणे, शिकवणे आणि आधार देणे. मुआयना, देखरेख, पाठराखण हे आपले तीन शब्द जवळपास तेथेच जाऊन पोहोचतात. फरक इतकाच की, त्यांच्या विवेचनात तिन्ही एकाच माणसाने करावयाची आहेत, आणि खरी अडचण तीच आहे. जो गोपनीय शेरा लिहिणार आहे त्याच्यापुढे 'मला हे जमत नाही' असे कोण कबूल करील?

या अडचणीवर महाराष्ट्रात काही ठिकाणी चांगले उपाय निघाले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून काम उभे केले. आधी शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या. त्या टिकल्या नाहीत. मग गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केले. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, आपापल्या गावची हकिगत एकमेकींना सांगत. वेगवेगळ्या जातींच्या या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. डॉक्टरापुढे जी चूक सांगायला जीभ रेटत नाही ती शेजारच्या गावच्या सखीपुढे सहज सांगता येते. म्हणजे आधाराचे काम साहेबाकडून काढून बरोबरीच्यांकडे दिले गेले, आणि साहेबाकडे शिकवणे उरले. मार्लवाईस एकेकट्या गावात पाठवलेल्या मास्तरांना सर्वांत अधिक ज्याची गरज असणार ते हेच.

प्राणहितेपलीकडच्या गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरोघर काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाने नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आणता येते हे दाखवले. या यशाची चर्चा होते तेव्हा इंजेक्शन देणाऱ्या खेड्यातल्या बाईचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु दर पंधरवड्याला तिच्या गावात जाऊन तिच्या नोंदी तपासणारा, तिच्याबरोबर घरोघर फिरणारा पर्यवेक्षकही त्या प्रयोगात होता. पुढे देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, तेव्हा बाईची नेमणूक सर्वत्र झाली. पंधरवड्याला येणाऱ्या माणसाची तितक्या काळजीने झाली नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाते हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई ताराबाईंच्या हाताखाली आल्या. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या तेव्हा काम पुढे नेणारी व्यक्ती तयार होती. आपल्यामागे काम कोण सांभाळील याची सोय करून ठेवणे हाही देखरेखीचाच भाग आहे, आणि सरकारी बदल्यांच्या जगात तो कोणाच्याच कामाच्या यादीत नसतो.

आज आपल्या मंडळातल्या एखाद्या डोंगरालगतच्या गुड्यावर काम करणाऱ्या सेविकेची स्थिती पाहिली, तर मार्लवाईच्या मास्तराची आठवण होते. मुले घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात, ती स्वतः मराठी किंवा लंबाडी, आणि नोंदी तेलुगूत ठेवायच्या. पूर्वी रजिस्टरे होती, आता मोबाइलवर माहिती भरावी लागते. पर्यवेक्षिका येते, वजने मोजली का, छायाचित्र चढवले का, हे विचारते. ती वाईट बाई नसते. तिच्याकडे केंद्रे पुष्कळ, वाहन नाही, आणि वरून तिलाही आकडेच विचारले जातात. मूल वजनात का बसत नाही, त्याची आई पहाटे कापूस वेचायला का जाते, तो कापूस कोणाच्या शेतातला, या प्रश्नांना त्या पडद्यावर रकाना नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्याच एखाद्या आडनावापाशी येऊन थांबते, म्हणून तो प्रश्न विचारणाऱ्या सेविकेच्या पाठीशी गावातले कोण उभे राहते, याकडे लक्ष ठेवणे आपल्यालाही शक्य आहे. खात्याच्या आदेशाची त्यासाठी गरज नाही.

२०१६ च्या जिल्हाविभाजनात आपण, उटनूर आणि इंद्रवेल्ली आदिलाबादेत राहिलो. मार्लवाईचे जैनूर मंडळ कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. बेट्टी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईस आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला निवर्तले, आणि २०१२ मध्ये त्यांच्या अस्थी आणून शेजारीच ठेवण्यात आल्या. गोंड मंडळी तेथे दर वर्षी जमतात. सेतुमाधवरावांचे मात्र या डोंगरात काही स्मारक आमच्या पाहण्यात नाही. त्यांची गोंडी आणि कोलामी व्याकरणे आहेत. त्यांच्या प्रती मिळवून एकेक संच उटनूरच्या आणि आपल्या मंडळाच्या कचेरीत द्यावा, असा प्रस्ताव आपल्या संस्थेच्या पुढील बैठकीत यावा. नव्याने रुजू होणाऱ्या पर्यवेक्षिकेला पहिल्या आठवड्यात निदान 'तुझे नाव काय', 'दुखते कोठे', 'जेवलीस का' एवढे तरी गोंडीत विचारता यायला हरकत नाही.